मासे खारवण्यासाठी प्लॅस्टिकच्या भांड्यांची निवड : कफ परेड येथील मच्छीमार नगराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : मिठवणी, खारवलेले मासे, पॉलिएथिलीन, द्रव्यांचे स्थलांतर, पिंप, अन्नसुरक्षा

प्रस्तावना

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर ही कोळी समाजाची वस्ती आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अतिरेकी याच परिसराच्या किनाऱ्यावर उतरले, त्यामुळे या वस्तीचा उल्लेख देशभरच्या वर्तमानपत्रांत झाला. तथापि तिची रोजची ओळख वेगळी आहे. समोरच्या खाडीत उभ्या असलेल्या होड्या, १८७५ साली बांधलेल्या ससून गोदीकडे पहाटे निघणाऱ्या बायका, आणि पावसाळ्यासाठी सुके व खारे म्हावरे साठवून ठेवण्याची पद्धत, ही ती ओळख होय. १ जूनपासून मासेमारी बंद होते. त्यानंतरच्या काळात घरात आणि पाटीवर जे असते ते बहुतांशी आधी सुकवलेले किंवा खारवलेले असते.

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखिका या वस्तीत काही वर्षे जात आहे. रसायनशास्त्राची अध्यापिका म्हणून तेथे विचारल्या गेलेल्या एका साध्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर चुकले, आणि त्या चुकीमुळे एका कुटुंबाचा सुमारे ४० किलो खारवलेला बांगडा टाकून द्यावा लागला. प्रश्न असा होता : भंगारातून आणलेले निळे पिंप मासे खारवायला चालेल काय? पिंपाच्या तळाशी त्रिकोण आणि त्यात २ हा आकडा होता. आकडा पाहून लेखिकेने "चालेल" असे सांगितले. पिंप तीनदा साबणाने व गरम पाण्याने धुतले गेले. पंधरा दिवसांनी झाकण उघडले तेव्हा माशाला फरशी पुसण्याच्या द्रवासारखा सुगंधी दर्प येत होता. त्या घरातील मावशी एवढेच म्हणाल्या, "मॅडम, मीठ तेच, मासा तोच; बदललं ते पिंप तेवढं." सदर लेख हा त्या वाक्याचा उशिरा केलेला अभ्यास आहे.

खारवण्याची क्रिया आणि भांड्याचा संबंध

सुकवणे आणि खारवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोंबलात पाण्याचे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. तो मीठ न लावता उन्हावाऱ्यावर टांगून सुकवला जातो, आणि तेथे भांड्याचा प्रश्न उद्भवत नाही. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांचे तसे नाही. त्यांचे तेल हवेच्या संपर्कात येताच ऑक्सिडीकरण पावते व मासा खवट होतो. म्हणून तेलकट मासा मिठाच्या थरांत रचून, त्याच्याच अंगातून सुटणाऱ्या पाण्यात म्हणजे मिठवणीत बुडवून ठेवतात. हवेपासून त्याचे रक्षण ही मिठवणी करते. अर्थात असा मासा भांड्याच्या भिंतीशी दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, चिकटून राहतो.

मिठाचे प्रमाण किती असावे याचे गणित वर्गात सोडवून घेण्याजोगे आहे. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, त्यापुढे ते तळाशी राहते. १०० किलो माशात ७५ किलो पाणी धरले तर ते पूर्ण संपृक्त करण्यास २७ किलो मीठ लागेल. माशाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके मीठ म्हणजे २५ किलो, हे किंचित कमी पडते. तिसऱ्या हिश्शाइतके घेतले तर थोडे मीठ न विरघळता शिल्लक राहते, आणि तळाशी दिसणारे हे शिल्लक मीठच मिठवणी पूर्ण संपृक्त असल्याची खूण होय. संपृक्त मिठवणीची जलक्रियता ०.७५ इतकी खाली येते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जीवाणू १० टक्के मिठाच्या आसपास वाढू शकत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस अधिक चिवट आहे, पण तोही ०.८३ च्या खाली थांबतो. मिठागरातील मिठाबरोबर येणारे लवणप्रिय जीवाणू मात्र टिकतात. खाऱ्या माशावर कधी कधी जो गुलाबी थर दिसतो तो त्यांचाच. त्याचा दोष भांड्याला देऊ नये.

तसेच शिळा बांगडा चांगल्या पिंपात घातल्याने चांगला होत नाही. मीठ आतवर पोहोचण्यापूर्वी, मुंबईच्या मे महिन्यातील उष्म्यात, या जातीच्या माशांत हिस्टामीन तयार होते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. बर्फ आधी, मीठ नंतर, आणि पिंपाचा विचार त्याही नंतर.

धातू, चिनी माती आणि प्लॅस्टिक

पूर्वी मोठ्या बरण्या, माठ आणि लाकडी पिंपे वापरीत असत. चिनी मातीची बरणी आजही घरगुती प्रमाणासाठी उत्तम आहे. मात्र ती जड असते, फुटते, आणि हलक्या प्रतीच्या रंगीत झिलईत शिशाची संयुगे असू शकतात. ॲल्युमिनियमच्या टोपाला मिठवणीतील क्लोराइड बारीक बारीक भोके पाडते. लोखंडाचा गंज केवळ दिसायला वाईट नाही; लोह आणि तांबे दोन्ही तेलाच्या ऑक्सिडीकरणाला चालना देतात, म्हणून गंजक्या डब्यातील बांगडा लवकर खवट होतो. बाजारात सामान्यतः मिळणारे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलसुद्धा संपृक्त मिठवणीत दीर्घकाळ तग धरत नाही. या सर्व कारणांनी प्लॅस्टिकचे पिंप कोळीवाड्यात आले आणि टिकले. ते हलके असते, पडले तरी फुटत नाही, मिठाने झिजत नाही. प्लॅस्टिकला सरसकट नाक मुरडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

त्रिकोणातील आकडा काय सांगतो

हा आकडा १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केला. वापरून फेकलेल्या वस्तू वेगवेगळ्या करणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू होता. १ म्हणजे पेट, २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ७ मध्ये उरलेले सर्व. हा आकडा वस्तू कशाची बनली ते सांगतो. ती अन्नासाठी बनवली होती की नाही, तिच्यात कोणती पूरक द्रव्ये घातली आहेत, कोणता रंग वापरला आहे आणि आजवर तिच्यात काय काय भरले गेले, यांपैकी काहीच तो सांगत नाही. आम्ल भरण्याचे पिंप आणि दुधाचा कॅन, दोहोंवर २ हाच आकडा असू शकतो. लेखिकेची चूक नेमकी हीच : भंगारवाल्यासाठी असलेली खूण तिने स्वयंपाकघराची खूण म्हणून वाचली.

असे असूनही आकडा निरुपयोगी नाही. खारवण्यासाठी २ आणि ५ याच दोन गटांतून भांडे निवडावे. दोन्ही मिठाला, सौम्य आम्लाला व हळदीला दाद देत नाहीत. हळदीचा रंग तेवढा राहतो. पॉलिप्रोपिलीन उष्णतेला अधिक टिकते, पण शून्य अंशाच्या आसपास ते ठिसूळ होते. त्यामुळे बर्फात किंवा शीतपेटीत ठेवावयाच्या डब्यासाठी पॉलिएथिलीन बरे. पीव्हीसीमध्ये मृदुकारक म्हणून थॅलेट गटातील द्रव्ये असू शकतात आणि ती तेलात सहज उतरतात. पॉलिस्टायरीन ठिसूळ आहे. सातव्या गटात पॉलिकार्बोनेट येते. २० लिटर पाण्याचे पारदर्शक कडक जार बहुधा त्याचेच असतात, आणि ते बिस्फेनॉल-ए या द्रव्यापासून बनते.

आकडा पुसला गेला असेल तर एक जुनी युक्ती कामी येते. काठाची बारीक चकती कापून पाण्यात टाकावी व तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाकावेत. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगतात. पीव्हीसी व पेट बुडतात, ते संपृक्त मिठवणीतही बुडतातच. पॉलिस्टायरीन पाण्यात बुडते आणि मिठवणीत तरंगते, कारण मिठवणीची घनता १.२ आहे. घनतेचा पाठ शिकवण्यासाठी यापेक्षा स्वस्त प्रयोग सापडणे कठीण. फक्त खडूची भुकटी मिसळलेले प्लॅस्टिक या परीक्षेत फसवते. आणि येथेही ओळख पटते ती पदार्थाच्या जातीची. त्याचा पूर्वेतिहास कळत नाही.

पिंपाची स्मृती

त्या ४० किलो बांगड्याचे काय झाले? पॉलिएथिलीन बाहेरून काचेसारखे अभेद्य वाटते, प्रत्यक्षात तसे नसते. त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्या काही भागांत व्यवस्थित रचलेल्या, तर काही भागांत विस्कळीत गुंतलेल्या असतात. सुगंधी द्रव्ये, द्रावके, कीटकनाशके यांसारखे तेलप्रिय रेणू या विस्कळीत भागांत अक्षरशः विरघळून बसतात. साबण व पाणी पृष्ठभाग स्वच्छ करतात. भिंतीच्या आत शिरलेल्या द्रव्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. धुतलेले पिंप कोरडे असताना वास जवळजवळ येत नाही, त्यामुळे फसगत होते.

पुढे त्यात तेलकट मासा व मिठवणी भरली जाते. येथे मिठाची भूमिका अनपेक्षित आहे. पाण्यात मीठ जितके जास्त, तितके तेलप्रिय रेणूंना त्यात विरघळणे अवघड होते. प्रयोगशाळेत आपण मीठ घालून सेंद्रिय द्रव्य पाण्यातून बाहेर काढतो, तीच ही क्रिया. म्हणजे भिंतीतून हळूहळू बाहेर पडणारे रेणू मिठवणीत न थांबता माशाच्या तेलात शिरतात. त्या दिवशी मिठवणीला वास कमी आणि माशाला जास्त होता, याचा उलगडा येथे होतो. मिठवणी हुंगून पिंप पारखणे व्यर्थ होते. यातून निघणारे अनुमान अधिक गंभीर आहे. फरशीच्या द्रवाला वास होता म्हणून मासा टाकला गेला. ज्याला वास नाही असे एखादे द्रव्य त्या पिंपात पूर्वी असते, तर तो मासा विकला गेला असता आणि खाल्लाही गेला असता.

पिंपात प्लॅस्टिकची पिशवी अंथरावी, हा उपाय वस्तीत सुचवला जातो. पिशवी अन्नासाठी बनवलेली असेल तर नव्या परंतु खात्री नसलेल्या पिंपात तिचा थोडा उपयोग आहे. पण पिशवीही पॉलिएथिलीनचीच. बाष्पशील द्रव्य तिच्यातूनही पार होते. शिवाय मिठाचे खडे आणि माशाचे काटे तिला पहिल्याच दिवशी भोके पाडतात.

नियम काय म्हणतात

खाद्यपदार्थांच्या वेष्टनासंबंधीचे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे विनियम डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाले व १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यानुसार अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या प्लॅस्टिकने भारतीय मानक ब्यूरोची मानके पाळणे आवश्यक आहे : पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रोपिलीनसाठी आयएस १०९१०, रंगद्रव्यांसाठी आयएस ९८३३. आयएस ९८४५ मध्ये चाचणीची रीत दिली आहे. माशाऐवजी पाणी, सौम्य ॲसेटिक आम्ल, अल्कोहोल, हेप्टेन अशी प्रातिनिधिक द्रावणे घेऊन प्लॅस्टिकमधून त्यांत किती द्रव्य उतरते ते मोजतात. कमाल मर्यादा एक किलो अन्नात ६० मिलिग्रॅम, किंवा एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅम. या दोन आकड्यांचा मेळ सुंदर आहे : एक लिटरच्या घनाकृती डब्याचे सहा पृष्ठभाग मिळून सहा चौरस डेसिमीटर होतात, आणि सहा गुणिले दहा म्हणजे साठ.

याच हिशेबाने पाहिले तर २०० लिटरच्या पिंपात दर लिटरमागे भिंत व तळ मिळून एक चौरस डेसिमीटरहूनही कमी पृष्ठभाग येतो. म्हणजे प्लॅस्टिक एकाच प्रतीचे असेल तर मोठ्या पिंपातील माशाचा त्याच्याशी येणारा संपर्क लहान डब्याच्या मानाने कितीतरी कमी असतो. खारवलेला मासा विक्रीसाठी लहान डब्यांत भरताना भांड्याच्या प्रतीकडे अधिक लक्ष द्यावे लागते, हे आपल्या सहज समजुतीच्या उलट आहे.

२०१८ च्या विनियमांनी पुनर्चक्रित प्लॅस्टिक अन्नासाठी वापरण्यास मनाई केली होती. २०२२ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या अधीन राहून तिला अपवाद ठेवला, आणि तो प्रामुख्याने पेटच्या संदर्भात आहे. गडद काळ्या रंगाच्या स्वस्त बादल्या व टब पुष्कळदा मिश्र भंगारापासून बनतात. ते खारवण्यासाठी घेऊ नयेत. येथे एक गोष्ट सहकाऱ्यांसाठी नमूद करावीशी वाटते. काळ्या प्लॅस्टिकच्या स्वयंपाक-साधनांत ज्वलनरोधक द्रव्ये आढळल्याचा एक शोधनिबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला व जगभर गाजला. नंतर लक्षात आले की ७,००० ला ६० ने गुणताना लेखकांनी ४,२०,००० ऐवजी ४२,००० लिहिले होते, त्यामुळे धोका दहापट मोठा दिसत होता. दुरुस्ती छापली गेली. द्रव्ये सापडली हे खरेच आहे, परंतु एका शून्याने किती फरक पडतो हे समवीक्षित नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

विनियमांनुसार अन्नव्यावसायिकाने वेष्टनासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अनुरूपता प्रमाणपत्र मिळवावयाचे असते. पाटीवर बसून खारा बांगडा विकणाऱ्या बाईने ते कोठून आणावे? व्यवहारात तिच्या हाती एवढेच असते की पिंप नवे घ्यावे, पावतीवर ते अन्नासाठी असल्याचे लिहून घ्यावे, आणि भांड्यावर उत्पादकाचे नाव, पेला-काट्याची खूण व मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. जुने पिंप घ्यावयाचेच असेल तर त्यात पूर्वी आमरस, ग्लुकोज किंवा लोणचे यांसारखा खाद्यपदार्थच होता हे मूळ लेबलावरून कळले पाहिजे. लेबल खरवडून काढलेले पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. वस्तीत नव्या पिंपाची किंमत एकट्या घराला जड जाते. दोन-तीन घरांनी मिळून एक घेणे हा तेथील बायकांनी स्वतः काढलेला मार्ग आहे.

वापरातील काही बाबी

२०० लिटरचे पिंप मिठवणीने भरले की केवळ द्रवाचेच वजन २४० किलो होते. ते भरलेले हलवू नये. बूड टेकेल अशा सपाट जागी आधी ठेवून मग भरावे. उन्हात पडून पॉलिएथिलीन पांढुरके, खडूसारखे व ठिसूळ होते, म्हणून सावली हवी. आतून घासण्यासाठी तारेची घासणी वापरल्यास पृष्ठभागावर चरे पडतात आणि त्यांत तेलाचा थर व जीवाणू घर करतात; काथ्याही टाळावा, मऊ ब्रश पुरेसा आहे. चरे खोल गेलेले पिंप खारवण्यातून काढावे. मिठवणी जड असल्याने मासा वर तरंगतो आणि वरचा थर हवेत उघडा पडून खवट होतो. तो दाबण्यासाठी पॉलिप्रोपिलीनची जाळीदार चकती घ्यावी. चकती स्वतःच तरंगणारी असल्यामुळे तिच्यावर वजन लागते; रस्त्याकडेच्या दगडापेक्षा मिठवणीनेच भरलेली घट्ट झाकणाची बरणी चांगली, कारण ती फुटली वा गळली तरी आतले पाणी निरुपद्रवी असते.

पुढील मे महिन्यात त्याच घराने शेजारच्या दोन घरांसह एक नवे पांढरे पिंप घेतले. तळाचे मीठ न विरघळता राहील इतके मीठ घातले, आणि सतराव्या दिवशी पहिला बांगडा काढून सर्वांना वाटला. त्यातला एक लेखिकेच्या वाट्याला आला. जुने निळे पिंप फेकलेले नाही. त्यावर मावशींच्या मुलाने तेलरंगाने मोठी फुली मारली आहे, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या पिंपात आता जाळी व दोर ठेवलेले असतात.